यंदाच्या शिबिरात पुरुषांच्या लघवीच्या तक्रारींसाठी एक टेबल ठेवा: तालुक्यातल्या मंडळांना खुलं पत्र

प्रति,
तालुक्यातल्या सगळ्या गणेश मंडळांचे, तरुण मंडळांचे आणि ज्येष्ठ नागरिक संघांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या मीटिंगा सुरू झाल्यात, पावती पुस्तकं छापून आलीत आणि दरवर्षीसारखं यंदाही आरोग्य शिबिर घ्यायचं ठरतंय असं कळलं म्हणून लिहितोय. रक्तदान, डोळे तपासणी, बीपी, शुगर हे सगळं तुम्ही मनापासून करता, मोतीबिंदूच्या शिबिरामुळं तर कितीतरी म्हाताऱ्या माणसांना परत नीट दिसायला लागलंय. माझी मागणी एवढीच की त्याच शिबिरात पुरुषांच्या लघवीच्या आणि त्या भागातल्या तक्रारींसाठी एक डॉक्टर बसवा, आणि त्या टेबलाला आडोसा करा. आडोसा का म्हणतोय ते पुढं सांगतो.

माझं बाजारपेठेत मेडिकल आहे. काउंटरवर उभा राहून मला जे दिसतं ते डॉक्टरांनाही दिसत नाही, कारण ही माणसं डॉक्टरांपर्यंत जातच नाहीत. पासष्टीचा माणूस येतो, दुकानात बायका असल्या की बाजूला उभा राहतो, बामची बाटली हातात घेऊन उगाच मागचं-पुढचं वाचत बसतो, गर्दी ओसरली की पुढं वाकून म्हणतो, "जरा लघवीचं काहीतरी द्या." काय होतंय काका विचारलं की "काय नाय, जरा अडकत अडकत होतीय." किती दिवस झाले? "झाली असतील दोन-तीन वर्षं." दोन-तीन वर्षं! दाढ दुखली तर माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात असतो, आणि रात्रीत चार-चारदा उठतोय, मोरीत पाच-पाच मिनिटं उभा राहतोय, ते मात्र बायकोलासुद्धा सांगत नाही.

यातल्या बहुतेकांचं कारण प्रोस्टेट असतं. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती सुपारीपेक्षा थोडी मोठी अशी ही ग्रंथी असते, चाळीशी-पन्नाशीनंतर ती हळूहळू वाढते आणि नळी दाबली जाते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ झालेली असते आणि ८० च्या पुढं तर जवळजवळ सगळ्यांत, म्हणजे यात लाजण्यासारखं काहीच नाही, आणि वाढली म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही. धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, जोर करायला लागणं, झाल्यावरही थोडी राहिल्यासारखं वाटणं, थेंब थेंब पडत राहणं, लागली की दम न निघणं, रात्री परत परत उठणं, ही सगळी लक्षणं. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही, बऱ्याच जणांचं गोळ्यांवर भागतं, काहींना तर संध्याकाळचा चहा कमी केला आणि बीपीच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांनी बदलून दिली तरी फरक पडतो. पण हे ठरवायला कुणीतरी तपासायला पाहिजे ना. रात्री उठायला लागतंय त्याचं कारण वाढलेली शुगर असू शकतं, हार्टचं असू शकतं, झोपेत श्वास अडकण्याचं असू शकतं. मी काउंटरवरून कसं सांगणार?

"वय झालं की असं होणारच" हे वाक्य मी रोज ऐकतो आणि त्याचा मला खरंच राग येतो. या वाक्यामुळं माणसांच्या किडन्या जातात. लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, आत साठत जाते, मूत्राशय ताणून ताणून सैल होतं आणि दुखणं काहीच नसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मग एक दिवस म्हातारा माणूस अंथरुणात लघवी करायला लागतो. घरचे म्हणतात वय झालं, ताबा राहिला नाही, सून चादरी धुवून कंटाळते, म्हातारा शरमेनं पाणी पिणं सोडतो. आणि खरं काय असतं तर भरलेलं मूत्राशय रात्री झोपेत आपोआप उतू जात असतं आणि मागं किडनीवर दाब येत असतो. रक्तात क्रिएटिनीन (किडनी नीट काम करत नसली की हे वाढतं) वाढलेलं सापडतं तेव्हा उशीर झालेला असतो. तुमच्या ओळखीत कुणी वयस्कर पुरुष नव्यानं अंथरूण ओलं करायला लागला असेल तर डायपरच्या आधी त्याची सोनोग्राफी करा, लघवी करून आल्यावर आत किती उरते ते बघायला सांगा. माझ्याकडं डायपर घ्यायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो.

आणि सर्दीच्या गोळ्या. गेल्या पावसाळ्यात एक ओळखीचे मामा, प्रोस्टेटचा त्रास आधीपासून, पण कुणाला न सांगितलेला, सर्दी झाली म्हणून कुठल्यातरी टपरीवरून सर्दी-खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि दोन दिवसांत लघवी पूर्ण बंद. ओटीपोट टम्म, माणूस घामानं भिजलेला, धड बसवेना ना उभं राहवेना. रात्री गाडी करून सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं नळी घालून लिटरभर लघवी काढली तेव्हा ते माणसात आले. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामाइन असतं, एकानं मूत्राशयाचं तोंड आवळतं, दुसऱ्यानं मूत्राशयाचा जोर कमी होतो. तरुण माणसाला काही होत नाही, पण प्रोस्टेट वाढलेल्याची त्यानं लघवी तुंबू शकते. तेव्हा साठीच्या पुढच्या माणसानं सर्दीची गोळी मागताना लघवीचा त्रास असेल तर तेवढं बोलायचं, बस. आणि पूर्ण तुंबली तर सकाळची वाट बघायची नाही, तास-दोन तासांत दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन करायचा.

आता तुमच्या मोतीबिंदू शिबिराचा आणि याचा थेट संबंध सांगतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी देतात, आपल्या तालुक्यात शेकडो माणसं ती घेत असतील. ती गोळी चालू असेल, किंवा आधी कधी घेतलेली असेल, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याची बाहुली नीट मोठी होत नाही आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो, सर्जनची तारांबळ उडते. आधी सांगितलेलं असलं तर डॉक्टर त्याची तयारी ठेवतात आणि ऑपरेशन व्यवस्थित होतं. शिबिराच्या फॉर्मवर बीपी, शुगर, दमा विचारता ना, त्याच्याखाली एक ओळ वाढवा, "लघवीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी गोळी चालू आहे का, आधी घेतली होती का". खर्च शून्य. (ही गोळी जेवणानंतर घ्यायची असते आणि रात्री उठताना आधी पलंगावर थोडं बसून मग उभं राहायचं, नाहीतर चक्कर येऊन पडतात, कंबरेचं हाड मोडून घेतात.)

बाकी शिबिरात नेमकं काय करायचं? सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे एक प्रश्नपत्रिका. जगभरचे डॉक्टर ती वापरतात, ७ प्रश्न असतात, गेल्या महिनाभरात किती वेळा असं झालं, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, एकूण ३५. ७ पर्यंत आले तर सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० किंवा त्याच्या पुढं गेलं तर त्रास जास्त आहे. शेवटी एक वेगळा प्रश्न असतो, की उरलेलं आयुष्य असंच काढायचं म्हटलं तर कसं वाटेल. या शेवटच्या प्रश्नावर माणूस थांबतो बघा. कागदावर खूण करायची असल्यानं तोंडानं बोलावं लागत नाही, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला आडोशाला बसवून वाचून दाखवायचं. ८ किंवा त्याच्या पुढं मार्क आलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन पुढं पाठवायचं.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायला पीएसए नावाची रक्ततपासणी करतात, तिच्याबद्दल मात्र माझं मत वेगळंय. मागं एका ठिकाणी शिबिरात सगळ्या पुरुषांची ती फुकट केली म्हणे. हौसेनं असं सरसकट करू नका. पीएसए प्रोस्टेटच्या नुसत्या साध्या वाढीनं वाढतं, इन्फेक्शननं वाढतं, लघवीची नळी घातली तरी वाढतं, आणि ड्युटास्टेराइडसारख्या प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर सहा महिन्यांत निम्म्यावर येतं. एकाला आकडा जास्त आला म्हणून घरात रडारड सुरू होते आणि दुसरा कमी आला म्हणून निर्धास्त राहतो. ही तपासणी पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून करायची, वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर ४५ पासून विषय काढायचा, आणि सत्तरीच्या पुढं नुसती चाळणी म्हणून करायची गरज बहुतेकांना नसते.

लघवीतून रक्त येण्याबद्दल मात्र मोठा बोर्ड लावा, अगदी मंडपाच्या दारात. दुखत असताना रक्त आलं तर माणूस घाबरून जातो तरी डॉक्टरकडं. पण न दुखता, एकदाच, लाल लघवी झाली आणि दुसऱ्या दिवशी परत स्वच्छ झाली की सगळे म्हणतात उष्णता झाली, सब्जा घे, ताक पी. मूत्राशयाचा कॅन्सर असाच सुरू होतो, एकदा रक्त येतं आणि मग पुढं कितीतरी आठवडे काही नाही. विडी-सिगारेट हे त्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, रंगाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्यांनाही धोका जास्त. बीट खाल्लं असेल तर लघवी लालसर होते, टीबीच्या गोळ्यांनी केशरी होते, ते वेगळं. असं काही कारण नसताना एकदा जरी लाल झाली तरी तपासायची, थांबली म्हणून सोडायची नाही. वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून काढता येतं.

मुतखड्याबद्दल आपल्याकडं सगळेच तज्ज्ञ आहेत, त्यामुळं थोडक्यात. कुळथाचं पाणी प्या, लिंबूपाणी प्या, काही हरकत नाही, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पोटात गेलं पाहिजे हे खरं औषध, उन्हात काम करणाऱ्यांना आणि दिवसभर ड्रायव्हिंग करणाऱ्यांना तर जास्तच. ५ मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपण होऊन पडतो. बिअरनं खडा विरघळतो हे मात्र कुणीतरी पिणाऱ्यानंच काढलेलं आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. खड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री दवाखाना, कारण अडकलेल्या किडनीत पू होतो आणि जीव जाऊ शकतो. दुसरं, कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नसतं, तो तिथंच अडकून बसतो, दुखायचं बंद होतं आणि किडनी आतल्या आत खराब होते. म्हणून कळ गेल्यावरही सोनोग्राफी करून बघायची.

आता तरुण मंडळांसाठी खास, कारण तुमच्याकडं ढोल-ताशा पथकात आठवी-नववीपासूनची पोरं असतात. मुलाच्या अंडकोषात एका बाजूला अचानक जोराचं दुखायला लागलं, उलटी झाली, तर आतली रक्तवाहिनी पिळली गेलेली असू शकते. बारा ते अठरा या वयात हे जास्त होतं, बऱ्याचदा रात्री झोपेत नाहीतर खेळल्यानंतर. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर गोटी वाचते, दिवस उलटला तर बहुतेक वेळा काढून टाकावी लागते. आणि पोरगं लाजेनं काय सांगतं? "पोटात दुखतंय." आई ओवा देते, वडील म्हणतात सकाळी बघू, मी पोटदुखीची गोळी देतो, आणि ते सहा तास निघून जातात. म्हणून पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला वडिलांनी बाजूला घेऊन सरळ विचारायचं, खाली दुखतंय का. पथकाच्या प्रॅक्टिसला पाच मिनिटं काढून हे पोरांना सांगा. त्यातच हेही सांगा की वीस ते चाळीस वयात गोटीत न दुखणारी कडक गाठ लागली तर दाखवायची, तिथला कॅन्सर वेळेत सापडला तर जवळजवळ सगळे बरे होतात. आणि ज्यांच्या घरात तान्हा मुलगा आहे त्यांनी दोन्ही गोट्या खाली उतरल्यात का बघून घ्यावं, उतरल्या नसतील तर पहिल्या दीड वर्षात ऑपरेशन होऊन जायला हवं, शाळेत जाईपर्यंत थांबायचं नाही.

वीस-बावीसच्या पोरांचा अजून एक विषय आहे आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. लघवीतून धात जातीय, झोपेत कपडे खराब होतात, अशक्तपणा आलाय, असं म्हणत पोरं रस्त्याकडेच्या तंबूवाल्यांकडं जातात, स्टँडच्या भिंतीवर नंबर रंगवलेले असतात त्यांना फोन करतात. हजारो रुपये जातात. झोपेत वीर्य जाणं हे वयात आलेल्या शरीराचं नेहमीचं काम आहे, त्यानं ताकद जात नाही, लग्नाला अडचण येत नाही. जळजळ होत असेल, पू येत असेल, तर ते इन्फेक्शन, त्याला डॉक्टरकडं साधा इलाज आहे. पौरुषशक्ती वाढवतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्याच असतात. तुम्ही एवढं करा, तुमच्या कमानीवर, स्मरणिकेत असल्या जाहिराती घेऊ नका. पैसे देतात, माहितीय. तरी घेऊ नका.

ताकदीच्या गोळ्यांचंही सांगतो. पन्नाशीतला माणूस चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिल मागतो, मी देत नाही, तो चिडतो, दुसऱ्या दुकानात जातो. त्यातल्या कुणाला हार्टचा त्रास असेल आणि जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट चालू असेल तर या दोन्ही मिळून बीपी एकदम खाली जातं, माणूस दगावू शकतो. नुसतं "आयुर्वेदिक" लिहिलेल्या निनावी पुड्यांतही हेच औषध मिसळलेलं सापडलेलं आहे. आणि ताठरता कमी होणं ही नुसती बेडरूमची भानगड नसते, तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात म्हणून ब्लॉकेजची खूण तिथं काही वर्षं आधी दिसू शकते. जो माणूस यासाठी डॉक्टरकडं जाईल त्याची शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी त्यानिमित्तानं होतं.

शुगरवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. डापाग्लिफ्लोझिनची गोळी २०२० नंतर स्वस्त झाली आणि आता खूप जणांना चालू आहे, चांगली गोळी आहे, हार्टला आणि किडनीलाही उपयोगी, पण ती साखर लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळं पुढच्या कातडीखाली बुरशी येऊ शकते. खाज, लाली, पांढरा थर, कातडी मागं सरकेना. एका गिऱ्हाइकाला वाटलं आपल्याला गुप्तरोग झाला, बिचारा दोन महिने बायकोपासून लांब झोपत होता. मलमानं आठवड्यात बरं झालं. आंघोळीला कातडी मागं करून पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, आणि गोळी आपल्या मनानं बंद न करता डॉक्टरला सांगायचं.

आडोशाचं म्हणालो होतो. टेबल उघड्यावर ठेवलं आणि समोर "पुरुष गुप्तरोग तपासणी" असा बोर्ड लावला तर एक माणूस यायचा नाही, लिहून देतो. बोर्डावर "किडनी व लघवी तपासणी" लिहा, बीपीच्या टेबलाच्या शेजारी ठेवा, मध्ये पडदा. नावं पुकारायची नाहीत, नंबर द्यायचे. शक्यतो शिबिर सकाळी ठेवा, आणि बायकांनाही पत्रक द्या, कारण घरात रात्री कोण किती वेळा उठतंय ते त्यांनाच माहीत असतं आणि नवऱ्याला दवाखान्यात न्यायला त्याच लावतात. सोनोग्राफीचं मशीन मंडपात आणू असं कुणी म्हणालं तर थांबवा, गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळं ते असं कुठंही नेता येत नाही, त्यापेक्षा गावातल्या सोनोग्राफी सेंटरशी बोलून चिठ्ठी दाखवणाऱ्याला दर कमी करून घ्या. आपल्या तालुक्यात मूत्ररोगतज्ज्ञ नाही, मिरजेला किंवा सांगलीला जावं लागतं, तिथून एक डॉक्टर अर्ध्या दिवसासाठी आले तरी पुष्कळ, आणि ते नाही जमलं तर आपल्या ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर प्रश्नपत्रिका बघून पुढं पाठवायचं काम सहज करतील. ऑपरेशनच्या खर्चानं माणसं घाबरतात, तर प्रोस्टेटची, खड्याची ऑपरेशनं महात्मा फुले योजनेत बसतात, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड-आधार घेऊन त्याला भेटायचं. शिबिरात एक कार्यकर्ता फक्त या कागदपत्रांसाठी बसवा.

प्रश्नपत्रिका मी मराठीत, मोठ्या अक्षरात टाइप करून ठेवलीय, आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून तपासून घेतो आणि छपाईचा खर्च माझ्याकडं. किती प्रती लागतील तेवढं मीटिंगमध्ये ठरवून प्रत्येक मंडळानं दुकानात कळवा, गणपती बसायच्या आठ दिवस आधी आकडा मिळाला तर प्रेसवाल्याला द्यायला बरं पडेल. शिबिराच्या दिवशी दुकान पोरगा बघेल, मी त्या टेबलावर बसायला येतो.

तुमचाच,
बाजारपेठेतला मेडिकलवाला